सादळलेली काडतुसे

कोकणातल्या किंवा सह्याद्रीच्या कुशीतल्या जुन्या घरांच्या माळ्यावर पत्र्याची एखादी ट्रंक असतेच. तिच्यात आजोबांचा कोट असतो, जमिनीचे कागद असतात, लग्नातली शाल असते. आणि ज्या घरात पूर्वीपासून बंदूक आहे त्या घराच्या ट्रंकेत तळाशी, फडक्यात गुंडाळलेली चारदोन काडतुसेही असतात. विटकरी पुठ्ठ्याची, पितळी बुडाची. बूड हिरवे पडलेले, पुठ्ठा किंचित फुगलेला. ती कोणी, कोणत्या साली, कुठल्या दुकानातून आणली हे आता घरात कुणालाच सांगता येत नाही. बंदूक आजोबांच्या नावावरून वडिलांच्या आणि वडिलांच्या नावावरून मुलाच्या नावावर रीतसर चढलेली असते. काडतुसे मात्र मागच्या पिढीची तशीच राहून जातात.

मग आश्विन उजाडतो. भात पिवळे पडू लागते. एका रात्री रानडुकरांचा कळप येतो आणि चार महिन्यांच्या मेहनतीचा चिखल करून जातो. राखणीला बसायचे तर बंदूक हवी, बंदुकीला काडतूस हवे आणि काडतुसाचे दुकान जिल्ह्याच्या गावी. अशा वेळी घरातल्या कुणाला तरी माळ्यावरची ट्रंक आठवते. फडके सोडले जाते, काडतूस हातात घेऊन कानाशी हलवून पाहिले जाते आणि एक वाक्य उच्चारले जाते : ‘बघू तर खरे, उडतेय का.’

हा लेख त्या एका वाक्याबद्दल आहे. ते वाक्य वरवर निरुपद्रवी वाटते. त्यात काटकसर आहे, थोडे कुतूहल आहे, वडिलोपार्जित वस्तूबद्दलची माया आहे. पण त्या वाक्याने माणसांची बोटे गेली आहेत, डोळे गेले आहेत, आणि अर्धमेली जनावरे रानात दिवस-दिवस तडफडत फिरली आहेत.

कुणी म्हणेल, शिकार तर केव्हाच बंद झाली, आता हा विषय कशाला? हौसेची शिकार बंद झाली हे खरे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिला लगाम घातला आणि १९९१ च्या दुरुस्तीने परवाने देऊन शिकार करू देण्याची जुनी पद्धतच मोडीत काढली. ते योग्यच झाले. पण त्याच कायद्याच्या अकराव्या कलमात एक खिडकी ठेवलेली आहे. उभ्या पिकाला किंवा माणसाच्या जिवाला धोका ठरणाऱ्या काही प्राण्यांना मारण्याची लेखी परवानगी वनखात्याचा अधिकृत अधिकारी देऊ शकतो. २०२२ साली कायद्याची परिशिष्टे नव्याने बांधली गेली, १ एप्रिल २०२३ पासून ती लागू झाली, आणि रानडुक्कर दुसऱ्या परिशिष्टात गेले. तरी ही खिडकी उघडीच आहे. महाराष्ट्रात रानडुक्कर आणि नीलगाय यांच्याबाबत अशा परवानगीची व्यवस्था आहे. केरळने तर २०२२ साली रानडुकरे मारण्याची परवानगी देण्याचे अधिकार थेट ग्रामपंचायतीच्या प्रमुखांपर्यंत आणून ठेवले आणि ते काम परवानाधारक बंदूकवाल्यांकडे सोपवले.

म्हणजे बंदूक गावातून गेलेली नाही. तिच्याभोवती परवान्याचे कागद आहेत, नूतनीकरण आहे, पोलिसांची नोंद आहे. अर्जात सगळे विचारले जाते : जनावर कोणते, शेत कुठले, सातबारा कुणाचा. एक प्रश्न मात्र कुठेच दिसत नाही. बंदुकीत काय घालणार आहात?

बंदूक न चालवणाऱ्या वाचकांसाठी काडतुसाची थोडी ओळख करून देतो. खेड्यापाड्यांत बहुतेक परवाने बारा बोअरच्या बंदुकीचे. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर त्यातली एक गोळी जिच्यात बरोबर बसेल ती बारा बोअरची नळी, असा त्या आकड्याचा जुना हिशेब. तिचे काडतूस म्हणजे एक छोटी नळी. पूर्वी पुठ्ठ्याची, आता बहुधा प्लास्टिकची. तळाला पितळी वा लोखंडी बूड, बुडाच्या मध्यभागी टोपी. टोपीवर बंदुकीची टाचणी आपटली की ठिणगी पडते. ठिणगीने दारू पेटते, दारूच्या वायूने वरचा बोळा ढकलला जातो आणि बोळ्यापुढचे छर्रे नळीतून बाहेर पडतात. हे सगळे डोळ्याचे पाते लवण्याआधी व्हायचे असते, आणि ठरलेल्या क्रमानेच व्हायचे असते. टोपी, दारू, बोळा, पुठ्ठा आणि बूड या पाचांतला एक जरी म्हातारा झाला तरी क्रम बिघडतो.

बिघाड तीन प्रकारचे. पहिला, काडतूस अजिबात उडत नाही. नुसता ‘टक्’ असा आवाज होतो. दुसरा, ते उशिरा उडते. टोपी मंदावलेली असते, दारू सादळलेली असते. ठिणगी दारूपर्यंत रेंगाळत पोचते. एरवी हा उशीर क्षणाचा असतो, पण कधी कधी तो लांबतो, आणि तेवढ्यात माणूस ‘नाही उडले’ म्हणून बंदूक उघडतो. मग जे पुढे जायचे ते तोंडावर येते. तिसरा प्रकार सर्वांत वाईट. काडतूस उडते, पण अर्धवट. आवाज दबका होतो, धूर निघतो, थोडे छर्रे पुढे पडतात आणि बोळा नळीतच अडकून राहतो.

मराठीत आपण याला ‘फुसका बार’ म्हणतो आणि हसतो. राजकारण्याच्या भाषणाला म्हणतो, क्रिकेटच्या सामन्याला म्हणतो. पण ज्यांच्या तोंडून हा शब्द प्रथम निघाला असेल त्यांना तो हसण्याजोगा वाटला नसावा. कारण फुसक्या बारानंतर जो माणूस घाईने दुसरे, चांगले काडतूस घालून घोडा दाबतो त्याची नळी फुटते. पुढे वाट बंद आणि मागून पूर्ण जोर. मधल्या लोखंडाने काय करावे? नळी बहुधा जिथे फाटते त्याच्या आसपास डावा हात असतो. उजव्याने घोडा, डाव्याने नळीखालचे लाकूड धरलेले. म्हणून जातात ती डाव्या हाताची बोटे.

मी हे पुस्तकातून शिकलो नाही. बँकेत शिकलो. पस्तीसेक वर्षे ज्या बँकेत नोकरी केली तिच्या शाखांत पहारेकऱ्याजवळ बारा बोअरची बंदूक असे. बंदूक दिसे सगळ्यांना. काडतुसे कुठे असतात हे ग्राहकांना ठाऊक नसे. ती पहारेकऱ्याच्या पट्ट्यात असत आणि उरलेली कुलपात. त्यांचे रजिस्टर असे. कार्यभार घेताना रोकड, किल्ल्या, मुद्रांक यांच्याबरोबर काडतुसेही मोजून घ्यायची आणि सही करायची. बहुतेक अधिकारी ती बिस्किटे मोजावीत तशी मोजत.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस माझी बदली सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या एका शाखेत झाली. तिथला पहारेकरी लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त झालेला, साताऱ्याकडचा, बोलायला कमी. पहिल्याच आठवड्यात त्याने पट्ट्यातली काडतुसे माझ्या टेबलावर ओळीने मांडली. दोन फुगली होती. नळीत पूर्ण बसत नव्हती. एकाच्या बुडाला केसासारखी चीर होती. तो म्हणाला, ‘साहेब, ही बदलून घ्या.’ मी म्हटले, ‘हवालदार, इथे कधी उडवायची वेळ येणार आहे?’ त्याने शांतपणे उत्तर दिले, ‘वेळ आली आणि काडतूस उडलं नाही, तर नाही. चोर पळंल. पण मधेच अडकलं आणि मी दुसरं घातलं, तर चोर ऱ्हाईल बाजूला, मी आणि कॅशियर जाऊ.’

मी वरच्या कार्यालयाला पत्र लिहिले. महिन्याने उत्तर आले. त्यात विचारले होते : ‘सदर काडतुसे वापरली गेली आहेत काय? नसल्यास बदलण्याचे प्रयोजन कळवावे.’ पत्र लिहिणाऱ्या गृहस्थांवर मी तेव्हा हसलो, पण पुढे लक्षात आले की चूक त्यांच्या एकट्याची नव्हती. तो विचार आपल्या सगळ्यांच्या डोक्यात घट्ट बसला आहे. वापरलेली वस्तू जुनी आणि न वापरलेली वस्तू नवी, असे आपण धरून चालतो. कपाटातली न नेसलेली पैठणी नवीच असते, तशी ट्रंकेतली न उडवलेली काडतुसेही आपल्या लेखी नवीच असतात. पण काडतूस पडल्या पडल्या म्हातारे होते. त्याला वापराने नव्हे, काळाने, ओलीने आणि उष्म्याने वय येते.

बँकेतल्या माणसाला हे समजायला हवे. चेक वापरला नाही म्हणून तो कायम चालत नाही. पूर्वी सहा महिन्यांनी शिळा व्हायचा. १ एप्रिल २०१२ पासून तीनच महिन्यांनी होतो. पण चेकवर तारीख असते आणि शिळा चेक निमूट परत येतो. काडतुसाची तारीख असते खोक्यावर. खोके फाटून गेले की वय सांगणारा साक्षीदार गेला. आणि शिळे काडतूस निमूट परत येईलच असे नाही. ते कधी रकमेचा चौथा हिस्सा देते, कधी उशिरा देते आणि कधी मागणाऱ्याचाच हात घेऊन जाते.

त्याच शाखेच्या परिसरातला आमचा एक खातेदार होता. दीड एकर भात, थोडे काजू, पीककर्ज दरवर्षी वेळेवर फेडणारा. वडिलांची बंदूक नावावर करून घेतलेली. त्याला त्याच्या भावाने जुन्या काडतुसांवरून हटकले होते, तेव्हा त्याने उत्तर दिले होते : ‘गेल्या वर्सा उडलां, औंदा पण उडतलां.’ दिवाळीच्या आधी एका रात्री पहिला बार फुसका निघाला. डुकरे अंगावर आली नव्हती, पळतही नव्हती. नुसती बिचकून उभी होती. त्याने घाईघाईने दुसरे काडतूस त्याच नळीत घातले. डाव्या हाताची तीन बोटे गेली.

दोन महिन्यांनी तो बँकेत पैसे काढायला आला. सही उजव्या हाताची, ती जशीच्या तशी जुळली. पण स्लिप टेबलावर सरकत होती आणि ती दाबून धरायला त्याच्याकडे बोटे नव्हती. त्याने मनगटाने कागद दाबला आणि सही केली. काउंटरवरचा कारकून दुसरीकडे पाहू लागला. भात लावताना रोपांची जुडी डाव्या हातात धरतात, एवढेच मी इथे सांगतो. बाकीचा हिशेब शेतकरी वाचकाला मांडून दाखवावा लागणार नाही.

‘गेल्या वर्सा उडलां’ हे त्याचे म्हणणे खोटे नव्हते, आणि हीच खरी अडचण आहे. जुनी काडतुसे पुष्कळदा उडतात. कोरड्या, थंड जागी नीट ठेवलेले काडतूस कित्येक वर्षे चांगले राहते. जगात पन्नास वर्षांपूर्वीचा दारूगोळा नीट उडवणारे लोकही आहेत. जुनी काडतुसे सगळीच निकामी असती तर प्रश्नच नव्हता; ती कुणी वापरलीच नसती. दहांतली आठ चांगली असतात म्हणून उरलेल्या दोनांवर आपण विश्वास ठेवतो. आणि एकाच खोक्यातले एक चांगले उडाले म्हणून शेजारचे चांगले असेल असे नसते. एकाच्या मेणात बारीक भेग असते, दुसऱ्याच्या नसते. ओल भेगेतून जाते. खोक्यावरचे नाव वाचून जात नाही.

आता आपल्याकडची हवा पाहा. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. त्या दिवसांत पापड सादळतो, आगपेटी सादळते, भिंतीला बुरशी येते. जुन्या माणसांनी त्यावर उपाय शोधला : जे कोरडे ठेवायचे ते चुलीवरच्या माळ्यावर ठेवायचे. बी-बियाणे तिथे, सुकी मासळी तिथे, आणि बंदुकीची दारूही तिथे. ठासणीच्या बंदुकीच्या काळात हे शहाणपण अगदी बरोबर होते. ती काळी दारू म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा. तिला शत्रू एकच, ओल. कोरडी राहिली तर ती पिढ्यान्‌पिढ्या जिवंत राहते. इतकी, की भिंतीवर भरून टांगलेली आणि घरच्यांनी विसरलेली ठासणीची बंदूक नातवाच्या हातात उडू शकते.

पण काडतुसात पुढे जी बिनधुराची दारू आली ती वेगळ्या जातीची. ती कापसासारख्या पदार्थावर नत्राम्लाची प्रक्रिया करून बनते. तिला ओल नको आणि उष्माही नको. ती आतल्या आत हळूहळू विघटित होत असते. त्यातून आम्लधर्मी वायू निघतात, आणि ते वायूच उरलेल्या दारूच्या नाशाचा वेग वाढवतात. त्याला आवर घालण्यासाठी डायफिनाइलअमाइनसारखे रसायन मिसळतात. तेही खर्ची पडत जाते. चुलीच्या वरच्या धगीत ते लवकर संपते. म्हणजे आजीने ज्या जागेला सुरक्षित म्हटले ती जागा नातवाच्या काडतुसांना मारक ठरते. दारू बदलली, माळा तोच राहिला.

ही दारू जुनी झाल्यावर काय करते याचा धडा जगाने फार महागात घेतला आहे. पॉल व्हिएय या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८८४ साली बिनधुराची दारू तयार केली आणि फ्रेंच आरमाराने ती आपल्या युद्धनौकांत भरली. १२ मार्च १९०७ रोजी तुलाँ बंदरात ‘येना’ ही युद्धनौका कोणत्याही शत्रूशिवाय स्फोट होऊन फुटली. शंभराहून अधिक माणसे गेली. २५ सप्टेंबर १९११ रोजी त्याच बंदरात ‘लिबेर्ते’ गेली. या वेळी बळींची संख्या दोनशेच्या वर. दोन्ही दुर्घटनांचा ठपका कोठारातल्या बिघडलेल्या दारूवर आला. न वापरलेल्या दारूवर, हे लक्षात घ्या.

इतके लांबही जायला नको. आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या पुलगावला लष्कराचे मध्यवर्ती दारूगोळा भांडार आहे. ३१ मे २०१६ च्या पहाटे तिथल्या एका कोठाराला आग लागली. अधिकारी, जवान आणि अग्निशमन दलाची माणसे प्राणाला मुकली. पुन्हा २० नोव्हेंबर २०१८ रोजी त्याच परिसरात जुना दारूगोळा नष्ट करण्याच्या कामात स्फोट होऊन सहा जण मृत्युमुखी पडले. जिथे नियम आहेत, नोंदी आहेत, प्रशिक्षित माणसे आहेत, तिथे जुन्या दारूगोळ्याने ही गत केली. ट्रंकेतली चार काडतुसे म्हणजे पुलगावचे कोठार नव्हे, हे मला कळते. पण जुना दारूगोळा हाताळणे हे जाणत्या माणसाचे काम आहे; ‘बघू तर खरे’ म्हणणाऱ्याचे नाही, एवढे त्यावरून निश्चित कळते.

आतापर्यंत मी माणसाबद्दलच बोललो. समोरच्या जनावराचे काय? परवानगी मिळते ती मारण्याची. जखमी करून सोडण्याची नाही. सादळलेल्या दारूचा जोर कमी पडतो, छर्रे कातडीखाली, चरबीत रुतून राहतात. डुक्कर पडत नाही, पळते. दोन दिवस, चार दिवस ते कुठल्या तरी करवंदीच्या जाळीत बसून राहते, आणि लाकडे आणायला गेलेली बाई नेमकी त्या जाळीपाशी वाकते. तिने बंदूक पाहिलेली नसते, ट्रंक पाहिलेली नसते. तिच्या मांडीत सुळा घुसतो तेव्हा पंचनाम्यात ‘रानडुकराचा हल्ला’ एवढेच लिहिले जाते. त्या हल्ल्याच्या मागे एक हिरवे पडलेले पितळी बूड होते हे कागदावर येत नाही.

जिम कॉर्बेटची पुस्तके मराठी वाचकाला परिचयाची आहेत. १९०७ साली त्याने चंपावतची नरभक्षक वाघीण मारली. त्या दिवशी त्याच्याजवळ रायफलच्या तीनच गोळ्या होत्या. त्या संपल्या, वाघीण समोर उभी. तेव्हा त्याने धावत जाऊन तहसीलदाराची बंदूक आणली. नेम धरताना त्याला दिसले की नळ्या आणि बंदुकीचा मागचा भाग यांच्यामध्ये चांगली फट आहे. तरीही त्याने बार काढला. गोळी नेमक्या जागी न लागता पंजाला लागली. वाघीण पडली ती आधीच्या जखमांनी. ही गोष्ट आपण धाडसाची म्हणून वाचतो. मला ती दरवेळी वेगळी वाचता येते. त्या दिवशी त्या मोडक्या बंदुकीने कॉर्बेटला वाचवले नाही. तिने फक्त त्याचा जीव घेतला नाही. वाचवले ते आधी रायफलमधून नीट सुटलेल्या गोळ्यांनी. धाडसाला भरवशाचे हत्यार लागते. भरवसा नसेल तर ते धाडस नव्हे, सट्टा.

मग शेतकरी हा सट्टा का खेळतो? त्याला अडाणी म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण ते खरे नाही. नवी काडतुसे महाग असतात. परवान्यावर एका वेळी किती बाळगायची आणि वर्षात किती घ्यायची याची मर्यादा लिहिलेली असते. परवानाधारक दुकाने मोजकी; एसटीने जाऊन यायला दिवस मोडतो, आणि ऐन पिकाच्या दिवसांत मोडलेला दिवस परवडत नाही. शिवाय एक भीती असते, आणि ती सर्वांत मोठी. ट्रंकेत सापडलेली काडतुसे घेऊन पोलीस ठाण्यात गेलो तर ‘ही कुठली? कधीची? नोंद कुठे आहे?’ असे प्रश्न येतील आणि आपणच अडकू. १९५९ चा शस्त्र कायदा परवान्यावाचून दारूगोळा बाळगणे हा गुन्हा मानतो, आणि मालकी कायदेशीर उरली नाही की तो जमा करा असेही सांगतो. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात. म्हणजे काही घरांतून बंदूक गेली असेल आणि काडतुसे मागे राहिली असतील. कायद्याला घाबरणारा साधा माणूस अशा वेळी काय करतो? ती ठेवून देतो किंवा रानात नेऊन उडवून टाकतो. दोन्ही वाईट.

इथे मला माझ्या जुन्या धंद्यातली एक चांगली रीत आठवते. फाटकी, मळकी, तुकडे झालेली नोट घेऊन कुणी बँकेत आला तर त्याला ‘ही फाटली कशी?’ असे विचारून आम्ही चोर ठरवत नसू. रिझर्व्ह बँकेचे त्याबाबत नियम आहेत. नोट पाहायची, नियमात बसते ते मूल्य द्यायचे आणि ती नोट चलनातून कायमची काढून टाकायची. सामान्य माणसाच्या खिशातली खराब नोट ही केवळ त्याची डोकेदुखी नसून साऱ्या चलनाची आहे, हे त्या रीतीमागचे शहाणपण. काडतुसांना हीच रीत का लावू नये?

माझे म्हणणे एवढेच आहे. ज्या जिल्ह्यांत पिकाच्या राखणीसाठी बंदुकीचे परवाने आहेत, तिथे दरवर्षी पावसाळा सरता सरता, भात पिकायच्या आधी, तालुक्याच्या गावी एक दिवस ठेवावा. पोलीस आणि वनखात्याने मिळून. ज्याच्याजवळ जुनी काडतुसे असतील त्याने ती आणावीत. साध्या नोंदीवर, खटल्याची भीती न दाखवता ती ताब्यात घ्यावीत. आणि परवानाधारकाला तितकीच नवी रास्त भावात तिथल्या तिथे मिळावीत. पुण्याजवळच्या खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा आहे. २०२१ पासून तो म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीकडे आहे. बारा बोअरची काडतुसे तिथे बनत आली आहेत. म्हणजे माल आपल्याच राज्यातला, खाती आपलीच, शेतकरीही आपलाच. अडचण कागदाची आहे, आणि कागदाच्या अडचणी सोडवता येतात हे पस्तीस वर्षे कागदांत घालवलेला माणूस सांगतो आहे. जनावर मारण्याची परवानगी देताना अर्जदाराजवळची काडतुसे कोणत्या वर्षाची आहेत हा एक रकाना त्या अर्जात वाढवायला तर पैसाही लागणार नाही.

तोवर घरच्यांनी काय करायचे? फुगलेले, हिरवे पडलेले, चीर गेलेले, वय माहीत नसलेले काडतूस बंदुकीत घालायचे नाही. बसत नाही म्हणून कानशीने घासायचे नाही, ‘जरा ऊन दाखवू’ म्हणून कौलांवर वाळत टाकायचे नाही, आतली दारू काढून दिवाळीत उडवायची नाही, चुलीत, विहिरीत किंवा उकिरड्यावर टाकायचे नाही. जाणत्या माणसाला सोबत घेऊन, लेखी अर्ज करून पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचे. आणि राखणीच्या रात्री काडतूस नुसतेच ‘टक्’ वाजले, तर नळी मोकळ्या बाजूला धरून निदान अर्धा मिनिट थांबायचे, मग उघडायचे. आवाज दबका आला तर दुसरे काडतूस घालायच्या आधी दोन्ही काडतुसे काढून नळीतून आरपार उजेड दिसतो का ते पाहायचे. उजेड दिसला नाही तर त्या रात्रीपुरती राखण संपली. डुकरे भात खातील. खाऊ द्यावे. भात पुढच्या वर्षी पुन्हा येते.

काटकसर हा आपला गुण आहे. जुन्या धोतराची आपण गोधडी करतो, तुटक्या कौलांनी आळे बांधतो, आणि त्यात लाज वाटण्याजोगे काही नाही. पण काटकसरीला वस्तूची जात ओळखता आली पाहिजे. आजोबांचा कोट घाला, त्यांची शाल पांघरा, त्यांच्या बंदुकीला तेल लावून ती पुसून ठेवा. त्यांची काडतुसे मात्र जमा करून टाका. आजोबा असते तर त्यांनीही हेच केले असते. त्यांनी ती आणली तेव्हा ती नवी होती.